तरकाकांचा तिसरा रकाना

तरकाका कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी ती उलटी करून बघायचे, मग कुठून आली ते विचारायचे, आणि मग तो प्रश्न टाकायचे ज्याच्यावरून त्यांचं नाव पडलं. "नाय दिलं तर?" वस्तू कुठली याला काही महत्त्व नव्हतं. बेअरिंग असो, पॅकिंगची पट्टी असो, नाहीतर चहाबरोबरची बिस्किटं. कारखान्यात चहा आणणारा नवा माणूस पहिल्याच दिवशी हे ऐकून चक्रावला. म्हणाला, काका, मी रोज देणार, का नाही देणार? काका म्हणाले, तू देशील रे, तुला देणाऱ्याने नाय दिलं तर? त्या माणसाने दुसऱ्या दिवसापासून बिस्किटांचे दोन पुडे जास्तीचे आणून स्टोअरच्या फळीवर ठेवले, आणि ते पुढे कायम तिथेच असायचे.

हजेरीपटावर त्यांचं रीतसर नाव-आडनाव होतं. ते फक्त मला ठाऊक, कारण हजेरीपट मी करते. बाकी शेठपासून लेथवरच्या मिश्राजींपर्यंत सगळ्यांचे ते तरकाका. आज मी ज्या खुर्चीत बसून हे लिहितेय, ती खुर्ची त्यांच्यामुळे माझ्याकडे राहिली. ते सगळं शेवटी सांगते. आत्ताच सांगायला घेतलं तर पुढचं लिहून होणार नाही.

आमचा कारखाना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, अगदी आतल्या रस्त्याला. आम्ही फ्लँज बनवतो. म्हणजे पाईपला पाईप जोडायची पोलादी कडी, तिला गोल भोकं पाडलेली. मी ऑफिसात निर्यातीची कागदपत्रं बघते आणि काका स्टोअर बघायचे. स्टोअरच्या प्रत्येक कप्प्याला सुतळीने एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं असायचं. कार्डावर तीन रकाने. पहिल्यात वस्तू, दुसऱ्यात ती कुठून येते ते, आणि तिसऱ्यात 'न दिलं तर'. पहिले दोन शाईने, तिसरा पेन्सिलीने. तिसऱ्यात काय काय लिहिलेलं असायचं! 'पास्थळचा लेथवाला, दोन दिवस.' 'केळव्याचा सुतार, पण त्याला आधी निरोप धाडावा.' 'घरी बनेल, जरा वाकडं.' एका कार्डावर नुसतं 'मिश्राजींना चहा पाजणे' असं होतं, आणि ते खरंच लागू पडायचं.

मी नवीन होते तेव्हा मला हा सगळा म्हातारपणाचा चाळा वाटायचा. मी पालघरजवळच्या कोळगावची सून, बी.कॉम., कॉम्प्युटरवर स्टॉक ठेवणारी. मी त्यांना एकदा ऐकवलंही, काका, हे सगळं एका फाईलमध्ये मावेल. ते म्हणाले, मावेल ना, आणि लाईट नाय दिली तर? नेमकी त्याच दुपारी वीज गेली. मी त्यांच्या कार्डांवरून माल काढून दिला आणि नंतर आठवडाभर त्यांच्याशी धड बोलले नाही.

हा तिसरा रकाना त्यांना कुठे सुचला ते त्यांनी सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं की मिश्राजी ती गोष्ट हिंदीतून सांगून दाखवायचे. काकांची उमेदीची वर्षं अणुवीज केंद्रात गेली. आमच्याकडे त्याला नुसतं प्लांट म्हणतात. प्लांट उभारून दिला अमेरिकेने. इंधन आम्ही देऊ, वर्षानुवर्षं देऊ, असा करार झाला, सह्या झाल्या. मग आपल्या देशाने अणुस्फोट केला, तो अमेरिकेला रुचला नाही, तिकडे नवा कायदा आला, आणि जुन्या सहीला अर्थ उरला नाही. सुट्या भागांचंही तेच. काका तेव्हा विशीतले, स्टोअरमध्ये हाताखाली लागलेले. "सायब एक दिवस आले नि बोलले, आता रॅकवर जे हाय तेवढंच हाय," असं सांगताना ते प्रत्येक वेळी आमच्या स्टोअरच्या रॅककडे बघायचे, जणू तो साहेब तिथेच उभा आहे. त्यानंतर जे बाहेरून मिळत नव्हतं ते इथेच बनवायला शिकले सगळे. कुणी कुठला लेथवाला शोधून काढला, कुणी जुनाच भाग घासून पुन्हा बसवला. काकांनी तेव्हा आपल्या वाटणीच्या कार्डांवर पट्टीने एक रेघ जास्तीची मारली.

गंमत म्हणजे अमेरिकनांवर त्यांचा राग नव्हता. कार्ड लावायची पद्धत त्यांना एका अमेरिकन साहेबानेच शिकवली होती. जाताना त्याने एक छोटा स्क्रूड्रायव्हर दिला होता, तो काकांच्या शर्टाच्या खिशात शेवटपर्यंत असायचा. मी एकदा चिडून म्हटलं, काका, दिलेला शब्द मोडणारी माणसं ती, त्यांचं काय कौतुक सांगता? त्यावर ते जे बोलले ते मला जसंच्या तसं आठवतं. "माणसं चांगली होती गं. पण मोठ्याला आठवण नसते. त्याने शंभर जणांना शब्द दिलेला असतो. लहानाने एकच घेतलेला असतो, म्हणून त्याला तो पाठ असतो." मग त्यांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि पंख्याचं सैल झालेलं बटण घट्ट करून दिलं.

घरातही तोच कारभार. काकांचं मूळ गाव माकुणसार, पण प्लांटमधून निवृत्त झाल्यावर बेटेगावला दोन खोल्यांचं घर घेऊन राहिले. मूलबाळ नव्हतं. दूध दोघांकडून, एकाकडून रोज आणि दुसऱ्याकडून रविवारी, ओळख राहावी म्हणून. कारखान्यात यायला दोन रिक्षावाले. काकी हे सगळं सोसायची आणि हसायची. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा काकांनी मला आपल्या लग्नाची हकिकत सांगितली. काकीचं लग्न दुसऱ्याच मुलाशी ठरलेलं, मांडव पडलेला, आणि हळदीच्या आदल्या दिवशी तो नाही म्हणाला. मग तिच्या वडलांनी गावातल्या गावात काकांना विचारलं. "म्हणजे मी हिच्या तिसऱ्या रकान्यातला," काका म्हणाले. काकीने माझ्या ताटात बोंबलाची तुकडी वाढली आणि शांतपणे म्हणाली, "हो, आणि अजून पेन्सिलीनंच लिवलेला हाय." त्या दिवशी इतकं हसले होते मी. काकी तीन वर्षांपूर्वी गेली. काका चौथ्या दिवशी कामावर आले, आणि त्यानंतर त्यांनी एकही सुट्टी घेतली नाही. रविवारीसुद्धा फाटकापर्यंत येऊन जायचे, असं वॉचमन सांगायचा.

दुपारच्या जेवणाला पेपर वाचायचा मान काकांचा. मराठी पेपर, मोठ्याने, आणि परदेशाचं पान आधी. अमेरिकेची बातमी असेल तर मिश्राजी डबा उघडता उघडता विचारायचे, "काका, आज बड़े साहब का मूड कैसा है?" गेल्या काही काळात तो मूड रोज बदलत होता. सोमवारी टॅरिफ लावलं, बुधवारी थांबवलं, शुक्रवारी दुप्पट केलं. शत्रूंचं जाऊ द्या, काका म्हणायचे, मित्रांचे हाल बघा. शेजारच्या कॅनडाला म्हणतो तू आमचं राज्य हो. डेन्मार्कला म्हणतो तुझं ते बर्फाचं बेट मला हवं. जपानने इतकी वर्षं मान खाली घालून सगळं ऐकलं, त्यालाही सोडलं नाही. आम्ही ऐकत ऐकत भाकरी मोडायचो. आम्हाला तेव्हा ती लांबच्या लोकांच्या घरची भांडणं वाटायची.

काकांना मात्र त्यात फार रस. जुन्या कार्डांच्या कोऱ्या पाठीवर त्यांनी त्या मित्रदेशांची कार्डं केली होती. वस्तूच्या जागी देश, दुसऱ्या रकान्यात तो अमेरिकेकडून काय घेतो ते, म्हणजे संरक्षण, गॅस, विमानं, बाजारपेठ. आणि तिसरा रकाना. एकेक कार्ड ते आम्हाला दाखवायचे. बहुतेकांचा तिसरा मोकळा. "इतकी वर्षं काय केलं यांनी?" असं ते खरोखर वाईट वाटून म्हणायचे, जणू ते देश त्यांच्या हाताखाली शिकलेले आणि बेफिकीर निघालेले. मग कुठल्या देशाने काय केलं ते ते पेन्सिलीने भरत जायचे. कुणी नुसती आरती ओवाळतोय, मोठमोठी जेवणं घालतोय, भेटवस्तू नेतोय, तुमच्यासारखे तुम्हीच म्हणतोय. कुणी मोठ्याने भांडतोय आणि दुसऱ्या दिवशी माफीही मागतोय. काका ज्यांच्यावर खूश असायचे ते निराळे. समोर हो हो म्हणायचं, आणि घरी येऊन गप्प बसून जाळं विणायचं. आपापसात बोलायचं, एकमेकांना माल द्यायचा, तोफासुद्धा आपल्या आपण बनवायच्या. उशीर झालाय, पण बसलेत विणायला, असं म्हणून ते अशा देशाच्या कार्डावर बारीक टिंब द्यायचे.

मग एक दिवस ते टॅरिफ आपल्यावर आलं. फारच थोड्या देशांवर होतं एवढं. त्या दुपारी काकांनी बातमी वाचली, पेपरची घडी घातली आणि आमच्या कारखान्याचं कार्ड मागितलं. असं कार्ड नव्हतंच. मी एका कोऱ्या पुठ्ठ्यावर तीन रकाने आखून दिले. फ्लँज. जातं कुठे? अमेरिका, एकच गिऱ्हाईक. न घेतलं तर? कॅन्टीनमध्ये आम्ही चाळीसेक माणसं होतो. मिश्राजींनी डब्याचं झाकण लावलं.

आमच्या शेठनी तेच केलं जे ते देश करत होते. शेठ माणूस वाईट नाही. घाबरलेला होता. अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचं प्रत्येक पत्र 'प्रिय मित्र' असं सुरू व्हायचं, आणि त्या दोन शब्दांवर शेठचा फार जीव. घोलवडहून चिकूच्या बर्फीची खोकी मागवून त्यांनी कुरियरने पाठवली, ती पाठवायचे कागद मीच केले. व्हिडिओ कॉलवर ते इतकं हसायचे की कॉल संपल्यावर गाल चोळत बसायचे. भाव उतरवून दिला, मग अजून उतरवून दिला. तिकडून उत्तर यायचं की थांबा, पुढच्या आठवड्यात काहीतरी बदलेल. पुढच्या आठवड्यात खरंच बदलायचं, पण उलट. तयार माल गोदामात साचत गेला. मी रोज सकाळी कॉम्प्युटर उघडायचे आणि काय बघायचंय ते आधीच ठाऊक असायचं. काही दिवसांनी मला भीतीसुद्धा वाटेनाशी झाली. जेवणाची वेळ झाली की जेवायचे.

काका मात्र रोज चार वाजता माझ्या टेबलाशी यायचे, खुर्ची ओढायचे आणि म्हणायचे, चल, रकाना भरू. ते देशाचं नाव सांगणार, मी तिथल्या कंपन्या शोधून पत्र लिहिणार. पत्रात काय लिहायचं तेही तेच सांगायचे. आम्ही स्वस्त देतो असं लिहू नकोस, आम्ही इथेच असतो असं लिही. दोन महिने कुणी उत्तर दिलं नाही. आणि मग हॉलंडच्या एका छोट्या कंपनीचं पत्र आलं. तेसुद्धा इतकी वर्षं अमेरिकेतून माल घेणारे. त्यांचंही बिनसलं होतं. आम्ही दुसरी सोय शोधत आहोत, असं सरळ लिहिलं होतं. मी जवळजवळ ओरडले. काकांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचून घेतलं. "बघ, तेही भरायला बसलेत. पण एक ध्यानात ठेव, आपण त्यांच्या तिसऱ्या रकान्यात हाव. पेन्सिलीनं." मी म्हटलं, काका, आज तरी आनंद मानू द्या. ते म्हणाले, मान ना, आनंद मान आणि नमुने पाठव.

नमुने पाठवले आणि आमची शोभा झाली. हॉलंडवाल्यांनी नकाशा मिलिमीटरमध्ये पाठवला होता. आमच्या लोकांचे हात इतकी वर्षं अमेरिकेच्या इंचांवर बसलेले. नकाशा समोर असूनसुद्धा मशीन शॉपमध्ये कुणीतरी आकडे इंचात केले, जवळचं आपलं माप धरलं, आणि ठरलेल्या जागी ठरलेली भोकं पाडली. सुंदर, गुळगुळीत, अमेरिकन कड्या. तिकडून उत्तर आलं की काम देखणं आहे, पण बोल्ट एकही बसत नाही. मी ते पत्र घेऊन शॉपमध्ये गेले. चूक कुणाची, यावर भांडण झालंच नाही, कारण ती सगळ्यांचीच होती. तपासणाऱ्यानेही जुन्याच गेजने तपासून पास केलं होतं. कागद मीच जोडले होते आणि मलाही दिसलं नव्हतं. मिश्राजी कडी हातात फिरवत म्हणाले, "हाथ को आदत है, मैडम. हाथ पूछता नहीं."

काका त्या वेळी शिडीवर होते. अगदी वरच्या फळीवरून त्यांनी गोणपाटात गुंडाळलेलं एक लोखंडी धूड खाली उतरवलं. ते उतरवू नका म्हणून आम्ही खाली तिघं ओरडत होतो. तो भोकं पाडायचा जुना जिग होता, म्हणजे साचा, युरोपच्या मापाचा. मी कामाला लागायच्या आधी कधीतरी एक जर्मन ऑर्डर होती, तेव्हाचा. शेठनी तो दोनदा भंगारात काढला होता आणि दोनदा काकांनी तो नोंदीतून नाहीसा केला होता. कार्डावर लिहिलं होतं, 'जर्मन माप. सध्या लागत नाही. असू द्यावा.' त्या जिगवर दुसरे नमुने झाले आणि ते बसले. हॉलंडने एका पॅलेटची, म्हणजे एका लाकडी चौकटीवर मावेल एवढ्या मालाची, ऑर्डर दिली. त्या दिवशी काकांनी फळीवरचे ते दोन राखीव बिस्किटांचे पुडे स्वतःच्या हाताने फोडले.

पण एका पॅलेटवर चाळीस घरं चालत नाहीत. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि यादी करायला सांगितली. शॉपमधून अकरा. ती नावं सुपरवायझरने दिलेली होती. ऑफिस आणि स्टोअर मिळून एक. शेठ टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत म्हणाले की तू किंवा काका, तुम्हीच काय ते ठरवा, मला विचारू नका. आमच्या घरची परिस्थिती त्यांना माहीत होती. माझ्या नवऱ्याची केमिकल कंपनी सहा महिन्यांपासून बंद होती आणि मुलगी बारावीला होती. घरात येणारा पगार माझा एकटीचाच होता. शेठना ते माहीत होतं म्हणूनच त्यांनी ठरवलं नाही.

मी टेबलाशी येऊन अकरा नावं टाईप केली. बारावं नाव माझं टाईप केलं. का केलं ते खरं सांगते. चांगुलपणाने नाही, लाजेने. दुसरं नाव टाईप करायला बोटं उचलत नव्हती. काका केव्हा मागे येऊन उभे राहिले ते कळलं नाही. चष्मा वर करून त्यांनी यादी वाचली.

"ते पूस. माझं लिव."

मी म्हटलं, काका, असं कसं. ते समोर बसले आणि त्यांनी माझ्या टेबलावरचा एक कोरा पुठ्ठा पुढ्यात घेतला, पण त्यावर लिहिलं काहीच नाही. "माझा तिसरा रकाना भरलेला हाय. पेन्शन हाय, घर हाय, माकुणसारला पुतणे हायेत. तुझा दाखव."

माझा मोकळा होता. त्यांना माहीत होतं. मी बॅकस्पेस दाबून माझं नाव पुसलं आणि त्यांचं लिहिलं, हजेरीपटावरचं, पूर्ण. एकदाही मी त्यांना विचारलं नाही की काका, खरंच भरलेला आहे का? विचारलं असतं तर कदाचित त्यांनी खरं सांगितलं असतं, आणि तेच मला नको होतं. ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि स्टोअरमध्ये जाऊन महिनाअखेरची झाडलोट करायला लागले. मला त्या वेळी काहीच वाटलं नाही. संध्याकाळी पालघरच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली आणि मला बरं वाटलं. असं बरं वाटल्याचं अजून आठवतं.

त्यांच्या शेवटच्या दिवशी त्यांनी मला सगळ्या रॅक फिरवून दाखवल्या. किल्ल्या दिल्या. कुठला लेथवाला गेल्या वर्षी वारला, कुणाचा फोन बदलला, ते सगळं तिसऱ्या रकान्यात सुधारून दिलं. फाटकाशी मिश्राजी त्यांच्या पाया पडायला वाकले तेव्हा काका म्हणाले, अरे, मी इथेच बेटेगावला हाय. मग त्या रविवारी ते आलेच, फाटकापर्यंत. वॉचमनने मला सांगितलं. पुढच्या रविवारीही आले. तिसऱ्या रविवारी शेठची गाडी नेमकी आत येत होती, तेव्हा ते मागे फिरले, आणि नंतर कधी आले नाहीत.

दोन महिन्यांनी मी त्यांच्याकडे गेले. त्याआधी जायला हवं होतं, पण काम वाढलं होतं, स्टोअरही माझ्याकडेच होतं. काका वाळले होते. दाढी वाढलेली. मला बघून एकदम खूश झाले, चहा ठेवायला आत गेले आणि आतूनच विचारू लागले, मिश्राजींची बदललेली शिफ्ट, हॉलंडची पॅलेट, जपानने शेवटी काय केलं. पेपर त्यांनी बंद केला होता. एकट्याने वाचून कुणाला सांगायचं, म्हणाले. मी बाहेरच्या खोलीत बसले होते. भिंतीला खिळे मारून घरची कार्डं टांगलेली होती. गॅस. दूध. पाण्याचा पंप. रक्तदाबाची गोळी. सगळ्यांचे तिन्ही रकाने भरलेले. शेवटच्या खिळ्यावर एक कार्ड होतं, त्यावर वस्तूच्या जागी लिहिलं होतं, 'दिवस'. कुठून, तर 'कारखाना'. आणि तिसरा रकाना मोकळा. नुसता मोकळा नाही. तिथे काहीतरी लिहून पुन्हा पुन्हा खोडरबराने पुसलेलं होतं, इतक्या वेळा की पुठ्ठा तिथे कापसासारखा झाला होता.

काका चहाचे कप घेऊन बाहेर आले. मी काय बघतेय ते त्यांनी बघितलं. कप खाली ठेवले, खिळ्यावरचं ते कार्ड उलटं करून पुन्हा टांगलं, आणि म्हणाले, "सगळ्यांना शिकवत बसलो गं. आपलाच ऱ्हायला." मी म्हणायला हवं होतं की काका, उद्या या, मी बोलते शेठशी, मी जाते. असं काही म्हणाले नाही मी. चहा पिऊन झाल्यावर कप विसळून ठेवले आणि मुलीचा क्लास सुटायची वेळ झाली म्हणून निघाले. ते नाक्यापर्यंत सोडायला आले. रिक्षा ठरवून दिली आणि रिक्षावाल्याला विचारलं, मधेच बंद पडली तर? मी हसले. तेही हसले.

श्रावणात गेले. दुपारी दूधवाल्याने, त्या रविवारच्या दूधवाल्याने, दार उघडत नाही म्हणून शेजाऱ्यांना बोलावलं. माकुणसारचे पुतणे आले. त्यांनी सगळं व्यवस्थित केलं. आम्ही कारखान्यातून एक टेम्पो करून गेलो. शेठही आले होते, आपल्या गाडीने. हात जोडून उभे राहिले, घामाने शर्ट भिजेपर्यंत उभे राहिले, आणि निघताना मला म्हणाले की माणूस सोन्यासारखा होता. त्यांचे डोळे ओले होते. मी स्वतः बघितले. माझे नव्हते.

त्यानंतर पाच आठवड्यांनी टॅरिफ उतरलं. सकाळी बातमी आली आणि दुपारी अमेरिकेच्या गिऱ्हाइकाचं पत्र आलं. प्रिय मित्र, आता सगळं पूर्ववत झालं आहे, लवकरात लवकर माल पाठवा. इतके महिने काही झालंच नव्हतं असं पत्र. हॉलंडवाल्यांचंही पत्र त्याच आठवड्यात आलं. त्यांचंही तिकडे जुळलं होतं. आपलं नाव आम्ही नोंदीत ठेवत आहोत, असं त्यांनी फार सौजन्याने लिहिलं होतं. शेठ केबिनमधून जवळजवळ धावत बाहेर आले. पेढे मागवले. मला म्हणाले, त्या अकराही जणांना फोन लाव, उद्यापासून बोलाव. मी फोन लावत गेले. सात जण मिळाले. दोघं वापीला लागले होते, दोघं गावी गेले होते. यादीवर खुणा करत मी बाराव्या ओळीशी आले.

शेठ पेढ्याचं खोकं हातात घेऊन माझ्या टेबलाशीच उभे होते. आनंदाने चेहरा फुललेला. म्हणाले, आणि तरकाकांनाही फोन लाव, उद्यापासून या म्हणावं, त्यांच्याशिवाय स्टोअर म्हणजे काय!

मी त्यांच्याकडे बघितलं. म्हटलं, "शेठ, काका गेले. पाच आठवडे झाले. तुम्ही आला होतात."

"अरे, हो," शेठ म्हणाले. "हो, हो." त्यांनी कपाळाला हात लावला. त्यांना खरंच वाईट वाटलं. क्षणभर ते पेढ्याचं खोकं कुठे ठेवावं ते त्यांना कळेना. मग त्यांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं की पहिला कंटेनर कधी भरता येईल. मी सांगितलं, गुरुवारपर्यंत.

ते गेल्यावर यादी पुन्हा समोर घेतली. बारा नावं. आता ती मला पाठ आहेत, कुठेही, कधीही, ओळीने म्हणून दाखवीन. बाराव्या ओळीवर आधी माझं नाव होतं. ते मीच पुसलं.